मारुती कांबळेचं काय झालं, हे नीट लिहा

प्रति,
जुन्या मराठी चित्रपटांचे हक्क बाळगणाऱ्या कंपन्या, ते दाखवणाऱ्या वाहिन्या आणि ओटीटीवाले, तसंच त्यांच्यासाठी सबटायटल करून देणारी मंडळी

विषय : संवाद जसा बोलला गेला तसाच ऐकू यावा आणि तसाच वाचता यावा याबाबत

सप्रेम नमस्कार,

'सामना' या चित्रपटातल्या एका प्रश्नापासून सुरुवात करतो. 'मारुती कांबळेचं काय झालं?' लेखणी विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. डॉ. श्रीराम लागूंचे मास्तर हा प्रश्न निळू फुलेंच्या हिंदुराव धोंडे पाटलांसमोर टाकतात आणि मग तो चित्रपटभर पाठ सोडत नाही. वाक्यात चार शब्द आहेत आणि एकावरही आरोप नाही. कोणी मारलं, कुठं गाडलं, असलं काही मास्तर विचारत नाहीत. म्हणून तर पाटलांना त्याचं उत्तर देता येत नाही.

हे वाक्य इंग्रजी सबटायटलमध्ये एकदा 'काय झालं' असं आलं, दुसऱ्यांदा 'कुठे आहे' असं आलं आणि तिसऱ्यांदा 'त्याच्याबद्दल सांगा' असं झालं, तर मराठी न येणाऱ्या प्रेक्षकाला तीन वेगवेगळे प्रश्न दिसतात. असं का होतं तेही उघड आहे. घाईच्या कामात एका चित्रपटाचे तुकडे तिघांना वाटले जातात. तिघेही आपापल्या परीने चांगलं भाषांतर करतात, पण शेजारच्या तुकड्यात काय लिहिलंय ते कोणीच पाहिलेलं नसतं. उपाय अर्ध्या दिवसाचा आहे. कामाला हात घालण्याआधी एका माणसाने पूर्ण चित्रपट पाहून नावांचा आणि पालुपदांचा तक्ता करावा. त्यात प्रत्येक पात्राचं नाव, त्याला कोण कोणत्या नावाने हाक मारतं, पुन्हा येणारं प्रत्येक वाक्य, ते कितव्या मिनिटाला येतं आणि त्याचा ठरलेला एकच अनुवाद लिहावा. 'मास्तर' हा शब्दही त्याच तक्त्यात हवा. इंग्रजीत तो जसाच्या तसा 'मास्टर' लिहिला की वाचणाऱ्याला मालक वाटतो, आणि 'सामना'सारख्या चित्रपटात मालक कोण आणि मास्तर कोण यात गल्लत झाली तर मग राहिलं काय?

नात्यांचे शब्दही तसेच. वहिनी, नणंद, जाऊ, मेहुणी या चौघी इंग्रजीत एकाच शब्दात कोंबल्या जातात आणि घरातलं भांडण कोणाकोणात चाललंय तेच कळेनासं होतं. अशा जागी पात्राचं नाव लिहावं किंवा मराठी शब्दच ठेवावा. दहा मिनिटांत प्रेक्षकाला तो कळतो.

आता विनोद. सबटायटलवाल्यांची खरी कसोटी इथे लागते, आणि सगळ्यात जास्त पडझडही इथेच होते.

'अशी ही बनवाबनवी' (1988) घ्या. संवाद वसंत सबनीसांचे. हा माणूस वगनाट्यातून आलेला, त्यामुळे शब्द कुठे ठेवायचा हे त्याला पक्कं ठाऊक. 'हा माझा बायको पार्वती' या वाक्यातला सगळा विनोद लिंगाचा आहे. साडीतला परशुराम समोर उभा, 'ही माझी' म्हणायचं असतं आणि धनंजय मानेंच्या तोंडून 'हा माझा' निसटतं. इंग्रजीत 'माय' हा शब्द नवरा-बायको दोघांनाही चालतो, म्हणून 'धिस इज माय वाइफ, पार्वती' हे भाषांतर व्याकरणाने बरोबर असूनही विनोदाच्या दृष्टीने शून्य आहे. त्याऐवजी 'ही इज माय वाइफ, पार्वती' लिहा. चूक जिथे मराठीत आहे तिथेच इंग्रजीतही दिसते आणि एक अक्षरही वाढत नाही. कंसात 'येथे व्याकरणाची चूक आहे' असली टीप मात्र कृपा करून नको.

त्याच चित्रपटातले 'सत्तर रुपये वारले' पाहा. सुधीर जोशींच्या सरपोतदारांनी इस्तंबूलच्या औषधासाठी दिलेले पैसे. 'वारले' हे क्रियापद आपण माणसासाठी वापरतो, तेही मान राखून. जनावर मरतं, शत्रू मेला म्हणतो, पण शेजारचे आजोबा वारतात. सत्तर रुपयांना आजोबांचा मान देणं हाच विनोद आहे. 'पैसे गेले' किंवा 'पैसे बुडाले' या अर्थाचं इंग्रजी लिहिलं की नुसती माहिती उरते. तिथे 'पास्ड अवे' हेच हवं. सत्तर रुपयांच्या मागे ते विचित्र दिसतं असं वाटून तपासणारा ते 'दुरुस्त' करतो, आणि ती दुरुस्ती म्हणजेच नासाडी. विचित्र दिसायलाच हवं.

आणि हे वाक्य पडद्यावर येतं कधी, तेही सांगायला हवं. सबटायटल सगळं एका ठोक्यात दाखवतं. नट 'सत्तर रुपये' म्हणून क्षणभर थांबतो, प्रेक्षकाने मात्र 'वारले' आधीच वाचलेलं असतं. तो नटाच्या आधी हसतो आणि पुढचं वाक्य त्याच्या हसण्यात बुडतं. म्हणून जिथे थांबा आहे तिथे सबटायटलही तोडा. पहिला भाग थांब्यापर्यंत, मधे दोन फ्रेमची फट (फ्रेम म्हणजे फिल्मवरचं एक चित्र, सेकंदाला 24), आणि शेवटचा शब्द ओठ हलायला लागतील तेव्हा. शेवटचा शब्द अर्ध्या सेकंदात बोलून होत असला तरी पडद्यावर किमान 20 फ्रेम, म्हणजे सेकंदाचे पाच षष्ठांश तरी, राहू द्या. आवाज संपल्यावर थोडा वेळ रेंगाळला तर बिघडत नाही. आवाजाच्या आधी आला तर बिघडतं.

अर्थ नसलेल्या शब्दांबद्दलही एक विनंती. 'धूमधडाका'मधलं (1985) अशोक सराफांचं 'व्याख्या विख्खी वुख्खू' हे काही भाषांतर करण्याचं वाक्य नव्हे. पण म्हणून ती जागा रिकामी सोडणं किंवा 'अस्पष्ट पुटपुटतो' असं लिहिणं म्हणजे पात्राचा आत्माच काढून घेणं. पाइपाचा झुरका, ठसका आणि त्यातून उमटलेला तो आवाज इंग्रजीत जसा ऐकू येतो तसा रोमन अक्षरांत लिहा, आणि प्रत्येक वेळी तेच स्पेलिंग ठेवा.

दादा कोंडक्यांचे चित्रपट हा वेगळाच डोंगर आहे. तिथे वाक्याला दोन अर्थ असतात आणि नट निरागस चेहऱ्याने पहिला अर्थ बोलत असतो. सबटायटलमध्ये दुसरा अर्थ उघड लिहिला तर दादा अश्लील ठरतात आणि पहिलाच लिहिला तर नीरस. इंग्रजीत दोन्ही अर्थ पेलणारा शब्द सापडेपर्यंत बसावं लागतं, प्रसंगी वाक्यातली वस्तूच बदलावी लागते. अशा चित्रपटाला मिनिटाच्या दराने पैसे देऊ नका. तासाचे द्या.

इथवर इंग्रजीचं झालं. आमची त्याहून मोठी मागणी मराठी चित्रपटांना मराठीतच सबटायटल द्या ही आहे. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना ती लागतातच. शिवाय परदेशात वाढलेल्या, मराठी समजणाऱ्या पण झरझर बोललेली न कळणाऱ्या मुलांना लागतात, आणि जुनी ध्वनिपट्टी खरखरते म्हणून तुम्हाआम्हालाही लागतात. यातल्या अडचणी मात्र वेगळ्या आहेत.

पहिली अडचण मोजणीची. वाचनाचा वेग सॉफ्टवेअर अक्षरांवरून ठरवतं. इंग्रजीचा प्रचलित हिशेब ओळीला 42 चिन्हं, दोन ओळी आणि सेकंदाला 17 ते 20 चिन्हं असा आहे. देवनागरीत सॉफ्टवेअर काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं सुटं मोजतं. 'मारुती कांबळेचं काय झालं?' हे वाक्य त्याच्या लेखी 25 चिन्हांचं आहे. डोळ्याला त्यात अकरा अक्षरं दिसतात. 'विख्खी' दोन अक्षरी, पण मोजणीत सहा. वेगाची लाल खूण दिसली की काम करणारा घाबरून शब्द गाळतो, आणि 'मारुतीचं काय झालं' असं काहीतरी होऊन बसतं. कांबळे हे आडनाव त्या वाक्यातून गळणं म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगायला नको. तेव्हा इंग्रजीची मर्यादा मराठीला लावू नका. जोडाक्षर धरून दिसणारी अक्षरं मोजा, किंवा सरळ घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहा.

दुसरी अडचण बोलीची. 'पिंजरा'चे (1972) संवाद शंकर पाटलांचे. 'न्हाई', 'व्हय', 'म्या' हे त्या बोलीतले रोजचे शब्द. ते 'नाही', 'होय', 'मी' असे शुद्ध करून लिहिले की वाचणाऱ्याला ऐकतोय एक आणि वाचतोय दुसरंच असं होतं. बहिऱ्या प्रेक्षकाला तर गावातला पाटील आणि पुण्यातला वकील एकाच भाषेत बोलताना दिसतात. उलट टोकाचाही त्रास आहे. काही जण ग्रामीण पात्र दिसलं की कानाला ऐकू न आलेली अशुद्धंही घालतात, सरसकट प्रत्येक 'ण'चा 'न' करतात. नियम सोपा ठेवा : उच्चार कानाला वेगळा लागला तर वेगळा लिहा, नाहीतर नेहमीसारखा. एका पात्राचा एक शब्द एकाच प्रकारे लिहा. आणि 'केलं', 'गेलं' हे बोललेलं 'केले', 'गेले' करू नका. अनुस्वार ही चूक नाही, तो उच्चार आहे.

तिसरी अडचण टंकाची. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या', 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' होतं, कारण अर्ध्या 'ऱ'चा वेगळा संकेतांक न वापरता साधा 'र' वापरलेला असतो. फाइल यूटीएफ-8 या सगळ्या लिप्या सांभाळणाऱ्या संकेतपद्धतीत जतन केली नाही तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. यंत्राने आपोआप केलेली सबटायटलं प्रत्यय तोडतात : 'कांबळे चं', 'वाड्या वर'. या तिन्ही गोष्टी शोधून बदलायला दहा मिनिटं लागतात. तरी त्या राहतात, कारण शेवटची तपासणी बहुतेकदा मराठी न वाचणाऱ्याकडे असते.

आता आवाज. संवाद लक्षात राहतो तो शब्दांइतकाच श्वासाने, थांब्याने, घशातल्या खरखरीने. या चित्रपटांची ध्वनिपट्टी एकेरी, ऑप्टिकल, म्हणजे फिल्मच्या कडेला प्रकाशाने छापलेली; संवाद, संगीत, पावलांचे आवाज सगळं एकाच पट्टीत मिसळलेलं, सुटं करायला काही उरलेलं नाही. पुनर्मुद्रण करताना पार्श्वभूमीचा 'सूं' आवाज पूर्ण घालवायचा हट्ट धरला की त्याबरोबर 'स', 'श', 'च', 'छ' यांची धारही जाते, कारण दोन्ही वरच्याच पट्टीत राहतात. थांब्यातला श्वास तर सॉफ्टवेअर कचरा समजून पुसून टाकतं. मग निळू फुले कुजबुजतात त्या जागी नुसता खड्डा ऐकू येतो. खरखर कमी करा, शून्य करू नका. शांत प्रसंगात हेडफोन लावून पाहा : दोन वाक्यांच्या मधे खोली ऐकू आली पाहिजे.

वेगाचंही तेच. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमनी काढलेला, जुन्या दूरचित्रवाणी प्रतीत तो 25 ने पळतो. चार टक्के वेग वाढतो, आवाज पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ पाऊणपट चढतो, आणि 140 मिनिटांचा चित्रपट साडेपाच मिनिटं आधी संपतो. जड आवाजाचा नट पोरगेलासा वाटायला लागतो तो यामुळे. आणि 25 च्या प्रतीवर केलेली सबटायटल फाइल 24 च्या प्रतीला लावली की सुरुवात जुळते, मध्यंतराला पावणेतीन मिनिटांचा फरक पडतो. अशा वेळी काम करणारे फाइल हाताने पुढेमागे सरकवत बसतात. सरकवून उपयोग नाही. सगळ्या वेळा 25 ला 24 ने भागून येणाऱ्या आकड्याने, म्हणजे 1.0417 ने, गुणाव्या लागतात.

चौकटीबद्दल एकच : जुनी चौरसाकडे झुकणारी चौकट रुंद पडदा भरायला ताणू नका, कापूही नका. कापली तर उंचीचा चौथा हिस्सा जातो, आणि विनोद ऐकणाऱ्याचा चेहरा बऱ्याचदा त्याच हिश्शात असतो.

सर्वांत आधी करायचं काम मात्र वेगळंच आहे : तुमच्याकडची प्रत पूर्ण आहे का ते पाहणं. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर चित्रपटाची लांबी मीटरमध्ये आणि रिळांची संख्या लिहिलेली असते. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट, म्हणजे 27.43 मीटर धावते. प्रमाणपत्रावर 4000 मीटर असेल तर चित्रपट 146 मिनिटांचा असायला हवा. तुमची फाइल 131 मिनिटांची निघाली आणि वेगाच्या फरकाने सहाच मिनिटं भरून निघत असली, तर नऊ मिनिटं कुठेतरी कापली गेली आहेत. छोटी तूट बहुधा रिळांच्या टोकांना सापडते. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांचं. त्याची सुरुवात आणि शेवट सगळ्यात जास्त हाताळले जातात, तुटतात, आणि प्रोजेक्टरवाला खराब तुकडा कापून जोड मारतो. दीड फूट कापलं की एक सेकंद गेला. त्यातही ऑप्टिकल पट्टीवरचा आवाज चित्राच्या साधारण 20 फ्रेम पुढे छापलेला असतो, त्यामुळे एकाच कापात चित्र एका शब्दाचं जातं आणि आवाज दुसऱ्याच. जोडापाशी संवाद अडखळला तर नटाला किंवा लेखकाला दोष देण्याआधी दुसरी प्रिंट शोधा. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून आहे, विचारायला ती पहिली जागा.

द्विभाषिक चित्रपटांत आणखी एक सापळा आहे. प्रभातचा 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' (दोन्ही 1937), 'माणूस' आणि 'आदमी' (1939), 'शेजारी' आणि 'पडोसी' (1941) हे एकमेकांचे डब नाहीत, वेगवेगळे चित्रित केलेले आहेत. प्रसंग तोच, पण वाक्यांची लांबी वेगळी. एकाची सबटायटल फाइल दुसऱ्याला चिकटवली की पाच मिनिटांत फजिती होते. 'उंबरठा' आणि 'सुबह'चंही तेच. एका चित्रपटाच्या दोन आवृत्त्या असल्या तरी हाच धोका : 'शोले'चा (1975) शेवट सेन्सॉरमुळे बदलावा लागला होता, आता मूळ शेवटाची प्रतही आली आहे. फाइलच्या नावात आवृत्ती आणि फ्रेमगती दोन्ही लिहा.

शेवटी श्रेयाबद्दल. तुम्ही प्रसिद्धीसाठी संवादांच्या चित्रफिती आणि पोस्टर काढता, त्यातलं प्रत्येक वाक्य पडद्यावर कानाने तपासलेलं असावं. 'बाई, वाड्यावर या' हे वाक्य निळू फुलेंच्या फोटोखाली किती ठिकाणी छापलं गेलं आहे याला गणती नाही. ते कोणत्या चित्रपटातलं, कितव्या मिनिटाचं, हे छापणाऱ्याने सांगावं. सांगता येत नसेल तर छापू नये. ज्या नटाने 'सिंहासन'मधला (1979) पत्रकार दिगू टिपणीस केला, त्याची ओळख तपासता न येणाऱ्या तीन शब्दांवर का म्हणून ठेवायची? 'श्यामची आई'च्या (1953) बाबतीत उलटा घोळ होतो. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनाला जप, हे साने गुरुजींच्या पुस्तकातलं वाक्य लोकांना पाठ असतं आणि ते तसंच्या तसं चित्रपटाचा संवाद म्हणून लिहिलं जातं. पुस्तक साने गुरुजींचं, चित्रपट आचार्य अत्र्यांचा. पडद्यावर जे बोललं गेलं तेवढंच चित्रपटाच्या नावावर लिहा. (हा रोग फक्त आपला नाही. 'प्ले इट अगेन, सॅम' हे वाक्य 'कॅसाब्लांका'त कोणीही म्हणत नाही.)

संवादाची नोंद करताना दोघांनी वेगवेगळं ऐकून लिहावं, फरक पडेल तिथे तिसऱ्याने निवाडा करावा. सेन्सॉरला दिलेल्या संवादाची प्रत मिळाली तर आधाराला ठेवावी, पण शेवटचा शब्द पडद्याचा. चित्रीकरणाच्या वेळी नट वाक्य बदलतात. ध्वनिमुद्रिकेवर आलेले संवाद तर पायाला धरूच नयेत. 'शोले'च्या संवादांची तबकडी घराघरात वाजली, पण तबकडीसाठी प्रसंग कापूनजोडून बसवलेले असतात. आणि चित्रफितीच्या खाली नटाच्या नावाशेजारी संवादलेखकाचं नाव टाका. तेंडुलकर, सबनीस, शंकर पाटील ही नावं लिहायला एक ओळ पुरते.

सगळा साठा एकदम हातात घ्या असं आमचं म्हणणं नाही. एक चित्रपट घ्या. प्रमाणपत्राशी लांबी ताडून पाहा, तक्ता करा, दोघांना ऐकायला बसवा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही सबटायटलं एकाच संवादनोंदीवरून करून घ्या. 'सामना'पासून सुरुवात केलीत तर तक्त्याच्या पहिल्या ओळीत काय लिहायचं ते वर दिलेलंच आहे.

आपले,
सबटायटल लिहिणारे आणि वाचणारे काही जण